अंगठीचे चाहते : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मागील अंकात ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या चित्रपटत्रयीवर लिहिताना तिच्या चाहत्यांचे विनोद आणि त्यांनी घरोघरी जमवलेल्या वस्तू यांचा ओझरता उल्लेख केला होता. त्यानंतर आलेली बहुतेक पत्रे त्या एका उल्लेखाविषयीच आहेत. जे. आर. आर. टोल्किन यांच्या कादंबरीवरून पीटर जॅक्सन यांनी न्यूझीलंडमध्ये चित्रित केलेले हे तीन चित्रपट 2001, 2002 आणि 2003 या वर्षांच्या डिसेंबर महिन्यांत प्रदर्शित झाले. दुष्ट सॉरॉनची मोहात पाडणारी अंगठी त्याच्याच मॉर्डॉर या राज्यातील ज्वालामुखीत नष्ट करायला निघालेल्या फ्रोडो या हॉबिटाची, म्हणजे एका ठेंगण्या जमातीतल्या तरुणाची, ही कथा आहे. तिसऱ्या चित्रपटाला 11 नामांकने मिळाली आणि त्या अकराही विभागांत ऑस्कर मिळाले, हे सर्वांना ठाऊक आहे. मात्र दोन दशकांनंतरही हे चित्रपट जिवंत राहिले आहेत ते पारितोषिकांमुळे नव्हे, तर चाहत्यांनी त्यांना आपल्या रोजच्या बोलण्यात आणि घरातल्या कपाटात जागा दिल्यामुळे, असे माझे ठाम मत आहे. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा महाविद्यालयात शिकतो. हे तिन्ही चित्रपट त्याला जवळजवळ पाठ आहेत. परंतु मित्र जमले की ज्या प्रसंगांवर माझ्या डोळ्यांत पाणी येते, त्याच प्रसंगांवर ही मुले विनोद करतात, संवाद बदलून एकमेकांना चित्रे पाठवतात आणि खो-खो हसतात. ज्या गोष्टीवर इतके प्रेम आहे तिची अशी थट्टा का करावीशी वाटते? (एक आई, कोल्हापूर)

उत्तर : आपल्या डोळ्यांतले पाणी आणि आपल्या मुलाचे हसणे ही एकाच ओढीची दोन रूपे आहेत. तमाशातील गवळणीत मावशी कृष्णाला वाटेत अडवते, त्याची फिरकी घेते, त्याच्या खोड्यांचा जाब विचारते आणि समोर बसलेला भाविक श्रोता मनमुराद हसतो. त्या हसण्यासाठी कृष्ण आधी घरचा झालेला असावा लागतो. या चित्रपटांच्या चाहत्यांचे विनोदही घरच्या माणसांचे विनोद आहेत, कारण त्यांतले बहुतेक विनोद चित्रपट बारकाईने आणि पुन्हा पुन्हा पाहिल्याशिवाय सुचणारेच नाहीत.

सर्वांत प्रसिद्ध उदाहरण घ्या. पहिल्या चित्रपटात एल्रॉन्ड या एल्फांच्या, म्हणजे अमर मानवसदृश जमातीच्या, अधिपतीने बोलावलेल्या सभेत बोरोमिर हा योद्धा दोन बोटांचा गोल करून सांगतो की मॉर्डॉरमध्ये असे सहज चालत जाता येत नाही. हे वाक्य कादंबरीत नाही. ते चित्रपटासाठी लिहिले गेले. त्या भाषणाचा मजकूर ऐन वेळी हाती आल्यामुळे शॉन बीन यांनी कागद मांडीवर ठेवून ते सादर केले, असे सांगितले जाते, आणि हे ठाऊक असलेला चाहता त्यांची नजर खाली वळते तो क्षण नेमका टिपतो. बोटांची ती मुद्रा आणि तो अर्धा संवाद घेऊन चाहत्यांनी गेल्या वीस वर्षांत असंख्य मीम तयार केले. परीक्षेत सहज उत्तीर्ण होता येत नाही, लोकलमध्ये सहज चढता येत नाही, असे कोणतेही अवघड काम त्या साच्यात बसते. मूळ प्रसंगाचे गांभीर्य मात्र त्यामुळे कमी होत नाही. बोरोमिरच्या मृत्यूचा प्रसंग आला की हीच मुले गप्प बसतात, हे आपण स्वतः पाहिले असेल.

या विनोदांत निर्मातेही सामील झाले, ही बाब मला विशेष मोलाची वाटते. त्याच सभेत एक एल्फ काही क्षणांपुरता दिसतो. त्याला संवाद नव्हता आणि नावही नव्हते. चाहत्यांनी त्याच्यासाठी ‘फिगविट’ हे नाव घडवले. फ्रोडोची स्तुती करता करता मध्येच ‘हा कोण?’ असा प्रश्न पडलेल्या प्रेक्षकाच्या इंग्रजी उद्गारातील आद्याक्षरे जोडून ते तयार झाले होते. ही भूमिका करणारे ब्रेट मॅकेन्झी पुढे संगीत आणि विनोद या क्षेत्रांत स्वतंत्रपणे नावारूपाला आले. चाहत्यांचे हे कौतुक जॅक्सन यांच्यापर्यंत पोहोचले, तेव्हा त्यांनी तिसऱ्या चित्रपटात त्या एल्फला पुन्हा आणले आणि एल्रॉन्डची मुलगी आर्वेन हिच्याशी बोलण्यासाठी संवादही दिला. प्रेक्षकांच्या हसण्याने एका अनाम पात्राला वाणी मिळाल्याचे असे उदाहरण इतक्या मोठ्या चित्रपटात क्वचितच सापडेल.

दुसरे उदाहरण अंगठीच्या मोहाने विकृत झालेल्या गॉलम या पात्राचे. 2003 साली एमटीव्हीच्या चित्रपट पुरस्कारांत गॉलमला पारितोषिक मिळाले, तेव्हा ते स्वीकारणाऱ्या, गॉलमची भूमिका करणाऱ्या अँडी सर्किस यांच्या हातून गॉलम ते हिसकावून घेतो आणि सगळ्यांना शिव्या घालत भाषण करतो, अशी एक चित्रफीत दाखवण्यात आली. त्या काही मिनिटांच्या थट्टेला 2004 साली विज्ञानकथा आणि अद्भुतकथा यांच्या क्षेत्रातील मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार वाचक आणि चाहते स्वतः मतदान करून देतात, म्हणजे विनोदाला प्रतिष्ठा देणारेही चाहतेच होते. 2005 साली एका डच रसिकाने लेगोलास या एल्फ धनुर्धराच्या एका ओळीला ठेका देऊन केलेले गाणे तर आजही महाविद्यालयीन मुले म्हणतात. आपल्या घरात ‘आयझेनगार्ड’ असा घोष अधूनमधून ऐकू येत असल्यास तो त्या गाण्याचा आहे.

आणखी एक विनोद आपल्याला नक्की ऐकावा लागला असेल. दुसऱ्या चित्रपटात अॅरागॉर्न हा योद्धा रागाने शिरस्त्राणाला लाथ मारतो आणि गुडघ्यांवर कोसळून किंचाळतो. ती लाथ मारताना व्हिगो मॉर्टेन्सन यांच्या पायाची दोन बोटे मोडली होती आणि ती किंकाळी चित्रपटात तशीच ठेवली गेली. ही माहिती प्रत्येक चाहता प्रत्येक नव्या प्रेक्षकाला त्या क्षणी सांगतोच, म्हणून आता ‘तुला ठाऊक आहे का’ असे म्हणण्याची सवय हाच चाहत्यांमधला विनोद झाला आहे. आपण एकदा मुलाच्या आधी ही माहिती सांगून पाहावी. त्या घोळक्यात आपले स्वागत होईल, याची मला खात्री वाटते.

ही परंपरा चित्रपटांपेक्षाही जुनी आहे. 1960 च्या दशकात अमेरिकेतील विद्यार्थी ‘फ्रोडो जिवंत आहे’ आणि ‘गॅन्डाल्फ (कथेतला जादूगार) राष्ट्राध्यक्ष व्हावा’ अशा अर्थाचे बिल्ले छातीवर लावून हिंडत असत आणि 1969 साली हार्वर्ड विद्यापीठाच्या विनोदी नियतकालिकाने संपूर्ण कादंबरीचे विडंबन पुस्तकरूपाने काढले. त्या बिल्ल्यांत विनोदही होता आणि ते आज संग्राह्य वस्तूही झाले आहेत. हसणे आणि जमवणे यांचे नाते इतके जुने आहे.

प्रश्न : गरुडांच्या पाठीवर बसून अंगठी थेट ज्वालामुखीत का टाकली नाही? या प्रश्नावर चाहते हसतात, पण उत्तर कोणी देत नाही. (एक विद्यार्थी, लातूर)

उत्तर : हसू येते ते हा प्रश्न प्रत्येक नवा प्रेक्षक विचारतो म्हणून, प्रश्न मुळीच वेडगळ नाही. अंगठी नष्ट करण्याची सगळी योजना गुप्ततेवर उभी होती आणि आकाशातून येणारे प्रचंड गरुड सॉरॉनच्या नजरेतून सुटले नसते. त्याशिवाय गरुड हे कोणाचे वाहन नाहीत. ते स्वतंत्र आणि स्वाभिमानी प्राणी आहेत. खुद्द टोल्किन यांनी 1958 साली एका पटकथेवर टीका करताना लिहिलेल्या पत्रात गरुडांचा उपयोग कथेत फार जपून करावा लागतो, असे स्पष्टपणे सांगितले आहे. वेलिंग्टनच्या विमानतळावर 2013 साली दोन महाकाय गरुडांची शिल्पे टांगली होती; त्यांपैकी एक जानेवारी 2014 मधील भूकंपात खाली पडले, तेव्हा गरुडांवर का विसंबू नये याचे उत्तर मिळाले, असा विनोद चाहत्यांना सुचणे अपरिहार्यच होते.

प्रश्न : मला नुकतीच नोकरी लागली आहे आणि या चित्रपटांशी संबंधित वस्तू जमवण्याची फार इच्छा आहे. किमती पाहून मन दडपून जाते. कोठून सुरुवात करावी? चित्रपटातल्यासारखी अंगठी घ्यावी का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : अंगठीपासूनच सुरुवात करू, कारण बाजारात सर्वाधिक विकली जाणारी वस्तू तीच आहे आणि तिच्याविषयीचे गैरसमजही सर्वाधिक आहेत. चित्रपटासाठीची अंगठी न्यूझीलंडमधील नेल्सन या गावचे सोनार येन्स हॅन्सन यांनी घडवली. 1999 साली, म्हणजे पहिला चित्रपट प्रदर्शित होण्याच्या दोन वर्षे आधी, त्यांचे निधन झाले आणि उरलेले काम त्यांच्या मुलाने पूर्ण केले. वेगवेगळ्या अभिनेत्यांच्या बोटांसाठी आणि वेगवेगळ्या दृश्यांसाठी मिळून सुमारे 40 अंगठ्या घडवल्या गेल्या, आणि अगदी जवळून घ्यायच्या दृश्यांसाठी तर 8 इंच व्यासाची एक प्रचंड अंगठीही तयार केली गेली. या अंगठ्या साध्या होत्या. पडद्यावर जी तेजस्वी अक्षरे उमटतात ती संगणकाच्या साहाय्याने नंतर घातलेली आहेत. त्यामुळे अक्षरे कोरलेली अंगठी ‘हुबेहूब चित्रपटातली’ म्हणून कोणी विकत असेल, तर ती वस्तू सुंदर असू शकते, परंतु दावा खरा नाही. चित्रीकरण संपल्यावर जॅक्सन यांनी फ्रोडोची भूमिका करणारे एलायजा वुड आणि अँडी सर्किस या दोघांनाही एकेक अंगठी भेट दिली आणि दोघेही काही काळ आपल्याकडचीच एकमेव आहे असे समजत होते, हा किस्सा अंगठीच्या स्वभावाला साजेसाच आहे.

आता किमतींविषयी. संग्राह्य वस्तूची किंमत प्रामुख्याने तिचे द्रव्य, तिची संख्या आणि ती कोणी घडवली यांवर ठरते. मऊ प्लॅस्टिकच्या छोट्या बाहुल्या मोठ्या संख्येने निघतात, म्हणून त्या स्वस्त असतात. पॉलिस्टोन, म्हणजे दगडाची भुकटी मिसळलेले रेझिन, साच्यात ओतून हाताने रंगवलेल्या मूर्ती मोजक्याच निघतात, जड असतात आणि महाग पडतात. वेलिंग्टनच्या मिरामार भागातील वेटा वर्कशॉप या कार्यशाळेच्या मूर्तींना चाहते इतके मानतात, त्याचे कारण असे की ज्या हातांनी चित्रपटातील चिलखते, शस्त्रे आणि राक्षसी मुखवटे घडवले, त्याच कार्यशाळेतून या मूर्तीही येतात. रिचर्ड टेलर आणि टानिया रॉजर यांनी उभारलेल्या या कार्यशाळेने चित्रपटांसाठी सुमारे 48,000 वस्तू तयार केल्या. साखळी चिलखतांसाठी प्लॅस्टिकच्या नळ्या कापून सुमारे सव्वा कोटी कड्या एकमेकींत हाताने गुंफल्या गेल्या. हे वाचल्यावर एखाद्या सहा इंची गोंडोरी (कथेतील गोंडोर राज्याच्या) सैनिकाच्या अंगावरील कड्यांकडे आपण वेगळ्या नजरेने पाहाल, आणि माझ्या मते संग्रहाची खरी सुरुवात अशा नजरेपासून होते.

म्हणून माझा सल्ला असा की पहिले वर्ष पैसे खर्च करण्यापेक्षा पाहण्यात घालवावे. विस्तारित आवृत्तींबरोबर, म्हणजे जास्तीची दृश्ये जोडून नंतर काढलेल्या आवृत्तींबरोबर, निर्मितीप्रक्रियेवरील तासन्‌तास चालणारे माहितीपट दिलेले आहेत. ते पाहिल्याशिवाय काहीही मोठे विकत घेऊ नये. त्यानंतर एकच विषय निवडावा. कोणी फक्त हॉबिटांची गोल दारांची छोटी घरे जमवतो, कोणी फक्त गॉलम, तर कोणी फक्त वास्तूंच्या प्रतिकृती. ज्यांना हाताने जोडण्यात आनंद वाटतो त्यांच्यासाठी लेगोचे मोठे संच आहेत. 2023 सालच्या रिव्हेन्डेलमध्ये (एल्रॉन्डचे निवासस्थान) 6,167 तुकडे आहेत आणि 2024 सालच्या बाराद-डूरमध्ये (सॉरॉनचा बुरूज) 5,471. त्यांची किंमत मोठी आहे, हे खरे. तथापि तो संच कित्येक संध्याकाळी घरातल्या सर्वांना एका टेबलाभोवती बसवतो, ही गोष्ट मी किमतीत धरतो. जुन्या वस्तूंची आवड असल्यास 2002 ते 2004 या काळातील विस्तारित आवृत्तींच्या भेटसंचांवर लक्ष ठेवावे. पहिल्या चित्रपटाच्या संचात आर्गोनाथच्या, म्हणजे नदीकाठच्या दोन महाकाय राजपुतळ्यांच्या, आकाराचे पुस्तक-आधार होते, दुसऱ्याच्या संचात गॉलमची छोटी मूर्ती होती आणि तिसऱ्याच्या संचात मिनास तिरिथ नगरी होती. चित्रीकरणासाठी त्या नगरीची एक भलीमोठी प्रतिकृती उभारली होती, म्हणजे संचातील नगरी ही प्रतिकृतीची प्रतिकृती आहे.

आणि ज्याला यांतले काहीच परवडत नाही, त्याने संकोच मुळीच करू नये. दिवाळीच्या किल्ल्यासाठी ज्या हातांनी माती कालवली आहे, त्या हातांना पुठ्ठा, शाडू आणि जलरंग यांतून हेल्म्स डीपची तटबंदी उभारणे अवघड नाही. अशा स्वतः घडवलेल्या किल्ल्याला मी कोणत्याही विकतच्या मूर्तीच्या वरची जागा देईन.

बनावट मालापासून मात्र सावध राहावे. मूळ मूर्तीवरून चोरून साचा काढलेल्या प्रती निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. त्यांत बारीक रेषा बुजलेल्या असतात, डोळ्यांची रंगवणूक ओबडधोबड असते, आणि मर्यादित आवृत्तीचा क्रमांक मूर्तीच्या तळावर व खोक्यावर एकच आहे का, हे विचारल्यावर विक्रेता उत्तर टाळतो. तळाचे स्पष्ट छायाचित्र मिळाल्याशिवाय पैसे पाठवू नयेत.

प्रश्न : आमचे घर समुद्राजवळ आहे. पावसाळ्यात मूर्तींच्या खोक्यांना बुरशी येते आणि दोन बाहुल्या चिकट झाल्या आहेत. कपाटात डांबरगोळ्या ठेवल्या तर चालेल का? (एक संग्राहक, रत्नागिरी)

उत्तर : डांबरगोळ्या कृपया ठेवू नयेत. त्यांची वाफ काही प्रकारच्या प्लॅस्टिकला मऊ करते आणि रंगही खराब करते. बाहुल्या चिकट होण्याचे कारण वेगळे आहे. मऊ प्लॅस्टिक लवचीक राहावे म्हणून त्यात जे द्रव्य मिसळलेले असते, ते उष्णतेत आणि बंद हवेत हळूहळू पृष्ठभागावर येते. कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब टाकून मऊ ब्रशने बाहुली धुवावी, सावलीत पूर्ण वाळवावी आणि पुन्हा बंद खोक्यात न कोंबता थोडी हवा खेळेल अशा जागी ठेवावी. स्पिरिट किंवा नखांचा रंग काढण्याचे द्रव्य चुकूनही वापरू नये, कारण त्याने चेहऱ्याचा रंग निघून जातो.

खोक्यांसाठी सिलिका जेल उत्तम. रंग बदलणारे जेल घ्यावे, म्हणजे ते ओलावा पिऊन तृप्त झाले की कळते. मंद आचेवर तापवून तेच पुन्हा वापरता येते, मात्र स्वयंपाकाचे भांडे त्यासाठी घेऊ नये. आर्द्रता मोजणारे छोटे यंत्र फार महाग नसते. काचेच्या कपाटात आर्द्रता 45 ते 55 टक्क्यांच्या आसपास राहिली तर कागद, रंग आणि प्लॅस्टिक हे तिन्ही सुखरूप राहतात. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नये. कोकणातल्या घरांत ओल भिंतीतूनच येते, आणि भिंत व कपाट यांच्यामध्ये चार बोटांची जागा ठेवली तरी मोठा फरक पडतो. खिडकीतून येणारे थेट ऊन पॉलिस्टोनच्या रंगाचे पावसापेक्षाही अधिक नुकसान करते, म्हणून पांढऱ्या वेशातील गॅन्डाल्फ पिवळा पडू द्यायचा नसेल तर पडदा लावावा. पॉलिस्टोनची मूर्ती उचलताना नेहमी तळाला धरावे. काठी, तलवार आणि बोटे हे भाग सर्वांत आधी मोडतात.

प्रश्न : अॅरागॉर्नच्या तलवारीची पोलादी प्रतिकृती मागवून दिवाणखान्यात लावायची आहे. काही अडचण येईल का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : येऊ शकते, म्हणून मागवण्याआधीच चौकशी करावी. शस्त्र अधिनियम 1959 आणि त्याखालील नियमांत तलवार, खंजीर, भाला यांसारख्या धारदार शस्त्रांचा, तसेच 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्यांचा एक स्वतंत्र वर्ग आहे, आणि ज्या भागांना तशी अधिसूचना लागू आहे तेथे त्यांच्यासाठी परवाना लागतो. घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी बनवलेल्या सुऱ्यांना त्यातून सूट आहे, परंतु दिवाणखान्यातील तलवार त्या सवलतीत बसत नाही. प्रतिकृतीला धार नाही, एवढ्यावर विसंबून राहू नये. आपल्या हद्दीतील पोलीस ठाण्यात वस्तूचे वर्णन दाखवून लेखी विचारणा करणे हा सरळ मार्ग आहे. वेषभूषा करून संमेलनाला जाणार असाल तर पोलादी वस्तू बरोबर नेऊच नये, कारण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली सार्वजनिक ठिकाणी शस्त्र बाळगण्यास मनाई करणारे आदेश वेळोवेळी निघतात. फोमची तलवार वापरण्यात कमीपणा काहीच नाही. चित्रपटातल्या मुख्य तलवारी पीटर लायन या कारागिराने पोलादातून घडवल्या होत्या, तरी हाणामारीच्या दृश्यांत बहुतेक योद्ध्यांच्या हाती हलक्या धातूच्या आणि रबरासारख्या द्रव्याच्या तलवारीच होत्या.

प्रश्न : मी लाकडावर कोरीव काम करते. हॉबिटांच्या घरांच्या छोट्या प्रतिकृती मैत्रिणींना फार आवडल्या आणि आता त्या विकण्याचा आग्रह होत आहे. हे योग्य ठरेल का? (एक कलावती, सावंतवाडी)

उत्तर : सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांची परंपरा ज्या गावात आहे तेथून हे पत्र आले, याचा मनस्वी आनंद झाला. स्वतःसाठी करणे आणि मैत्रिणींना भेट देणे यांत कोणी हरकत घेण्याची शक्यता जवळजवळ नाही. विक्री ही मात्र निराळी गोष्ट आहे. आपल्या देशात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे लेखनाधिकार टिकतो. टोल्किन 1973 साली निवर्तले, म्हणून त्यांच्या ज्या पुस्तकांचे प्रकाशन त्यांच्या हयातीत झाले ती 2033 च्या अखेरपर्यंत संरक्षित आहेत. चित्रपटांचे संरक्षण प्रदर्शनापासून 60 वर्षांचे आहे, म्हणजे पहिल्या चित्रपटासाठी 2061 ची अखेर. ‘हॉबिट’ हा शब्द आणि पात्रांची नावे यांवर व्यापारचिन्हाचे हक्कही सांगितले जातात. ते हक्क मिडल-अर्थ एंटरप्रायझेस या कंपनीकडे आहेत आणि 2022 पासून ही कंपनी स्वीडनच्या एम्ब्रेसर समूहाच्या मालकीची आहे.

हे हक्क किती कडकपणे राबवले जातात, याचे एक उदाहरण बोलके आहे. इंग्लंडमधील साउथॅम्प्टन या शहरात वीस वर्षांहून अधिक काळ ‘द हॉबिट’ या नावाने चालणाऱ्या मद्यगृहाला 2012 साली कायदेशीर कारवाईचा इशारा मिळाला. चाहत्यांनी निषेध केला आणि गॅन्डाल्फची भूमिका करणारे इयन मॅकेलन व त्यांचे सहकारी स्टीफन फ्राय यांनी परवान्याचे शुल्क स्वतः भरण्याची तयारी दाखवली. प्रेम कितीही मोठे असले तरी कायदा त्या प्रेमाला ओळखत नाही, म्हणून आपण गोल दाराचे, गवताच्या छपराचे, टेकडीत दडलेले घर आपल्या कल्पनेने कोरावे, त्याला कोकणी बागेचे तपशील द्यावेत आणि चित्रपटाचे नाव, पात्रांची नावे किंवा चित्रपटातील नेमके घर वापरू नये. गोल दारावर कोणाचा हक्क नाही. विक्री वाढल्यास एकदा वकिलाचा सल्ला अवश्य घ्यावा.

चाहत्यांनी घडवलेल्या वस्तू लेखकाला नेहमीच आवडतात असे नाही, हेही आपल्याला सांगावेसे वाटते. आयुष्याच्या अखेरच्या काळात टोल्किन यांना एका चाहत्याने पोलादी प्याला भेट पाठवला. खोक्यातून काढून पाहतात तर त्यावर अंगठीवरचे तेच भयंकर शब्द कोरलेले होते. त्या प्याल्यातून ते कधीही प्यायले नाहीत. तंबाखूची राख झाडण्यासाठी मात्र त्यांनी तो वापरला. ती अक्षरे दुष्ट शक्तीची आहेत, हे ते स्वतः कधी विसरले नाहीत, आणि आपल्या कोरीव कामात कोणती अक्षरे घ्यायची हे ठरवताना तेवढे ध्यानात असू द्यावे.

प्रश्न : आई-वडील पुण्याहून आमच्याकडे येत आहेत. त्यांना या चित्रपटांची गोडी आहे. सामानाचे वजन न वाढवता काय देता येईल? (एक वाचक, ऑकलंड)

उत्तर : टपाल तिकिटे द्यावीत. न्यूझीलंडच्या टपाल खात्याने तिन्ही चित्रपटांच्या निमित्ताने तिकिटे काढली होती आणि ती जुन्या तिकिटांच्या विक्रेत्यांकडे मिळू शकतात. मातामाता येथील हॉबिटन आपल्यापासून मोटारीने दोन-अडीच तासांवर आहे. पहिल्या त्रयीच्या वेळी तेथील घरे तात्पुरती होती, नंतरच्या ‘द हॉबिट’ चित्रपटांसाठी ती कायमस्वरूपी साहित्यात पुन्हा बांधली गेली, म्हणून आज तेथे मनसोक्त हिंडता येते. वेलिंग्टनला जाणे झाल्यास वेटाच्या कार्यशाळेची भेट चुकवू नये.

प्रश्न : आम्ही काही मित्र मिळून तिन्ही चित्रपट सलग पाहण्याचा आणि आपापले संग्रह मांडण्याचा कार्यक्रम करू इच्छितो. कोणता दिवस योग्य? विस्तारित आवृत्ती पाहावी की मूळ? (एक मित्रमंडळ, डोंबिवली)

उत्तर : चाहत्यांमध्ये दोन दिवस रूढ आहेत. 22 सप्टेंबर हा फ्रोडो आणि त्याचा वडीलधारा नातेवाईक बिल्बो या दोघांचा वाढदिवस, आणि 25 मार्च हा अंगठी नष्ट झाल्याचा दिवस, जो टोल्किन सोसायटीने 2003 पासून वाचनदिन म्हणून पाळण्यास सुरुवात केली. संग्रह मांडायचे असतील तर मी सप्टेंबर सुचवीन, कारण हॉबिटांच्या रिवाजानुसार ज्याचा वाढदिवस असतो तो इतरांना भेटी देतो, आणि त्या भेटी बहुधा घरात पडून असलेल्या, टाकवत नाहीत अशा वस्तू असतात. प्रत्येकाने आपल्याकडे दोन-दोन झालेली किंवा कपाटात मागे गेलेली एक वस्तू आणावी आणि ती दुसऱ्याला द्यावी. गणेशोत्सव त्याच सुमारास येत असल्यास तारीख आधीच ठरवून ठेवावी.

नवखा प्रेक्षक असेल तर मूळ आवृत्ती. सगळे जाणते असाल तर विस्तारित. विस्तारित आवृत्तींची एकत्रित लांबी शेवटच्या नामावलीतील चाहत्यांची नावे धरली नाहीत तरी सव्वाअकरा तासांहून अधिक भरते. त्या नामावलीत अधिकृत चाहता मंडळाच्या सभासदांची नावेही आहेत आणि ती सरकायला वीसेक मिनिटे लागतात. इतक्या चाहत्यांची नावे चित्रपटाच्या अंगातच सामावून घेणारे उदाहरण म्हणून ती नामावली एकदा तरी पाहावी, तिसऱ्या चित्रपटानंतर डोळे मिटत असले तरी. सकाळी आठला सुरुवात केल्यास पहिला चित्रपट साडेअकराला संपतो. हॉबिटांच्या आवडत्या दुसऱ्या न्याहारीची वेळ अर्थातच चित्रपट चालू असतानाच येते, तेव्हा बटाटेवडे दहाच्या सुमारास तयार ठेवावेत. फ्रोडोचा सोबती सॅम याचा बटाट्यांवरचा संवाद दुसऱ्या चित्रपटात आहे, म्हणून दुपारच्या जेवणात उकडलेल्या बटाट्याची भाजीही असू द्यावी. पॉलिस्टोनच्या मूर्ती जेवणाच्या टेबलावर मांडू नयेत.